एक पातं बारा मिलिमीटर कमी

२ जून, सोमवार
हवा स्वच्छ. चार अंश. वारा नाही.

दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं, रोज काहीतरी लिहीत जा. काय लिहू, विचारलं, तर म्हणाली, जे घडेल ते. वीजघरातून निवृत्त झालो तेव्हा उरलेल्या तीन कोऱ्या नोंदवह्या मला देऊन टाकल्या होत्या, त्यातली ही पहिली. पानावर तेलाचा दाब, पाण्याचं तापमान, भार असे रकाने छापलेले आहेत. ते सोडून लिहितो आहे.

दादाला जाऊन आज अकरा आठवडे झाले. वहिनीनं त्याच्या शेडची किल्ली माझ्याकडे दिली. मानीत्सोक शहरातल्या संग्रहालयातून पिपालुक नावाच्या बाई वीस तारखेच्या बोटीनं येणार आहेत. दादाची हत्यारं आणि शेडमध्ये राहिलेली वल्ही त्या घेऊन जातील, काचेच्या कपाटात ठेवतील. यादी मी करायची.

पाच रंधे, सात सुऱ्या, दोन करवती, एक तुटकी. पुरी झालेली वल्ही दोन, दोन्ही त्याची स्वतःची. आणि खिडकीखाली एक अपुरं. घासायचं राहिलेलं, तेल न दिलेलं.

अपुऱ्या वल्ह्याच्या दोन टोकांची दोन पाती सारखी नाहीत. मी मोजली. एक त्र्याऐंशी मिलिमीटर रुंद, दुसरं एकाहत्तर. पुन्हा मोजली, तेच.

दादानं चाळीस वर्षांत असं कधी केलं नाही.

४ जून, बुधवार
वल्ह्याचं वहिनीला सांगितलं. ती खडकावर अम्मासात वाळत घालत होती. यंदा हे मासे इतके आलेत की पाण्यात बादली बुडवली तरी पुरे.

दादा कुणासाठी म्हणून ठरवल्याशिवाय लाकडाला हात लावत नसे. माणसाला शेडमध्ये उभं करायचा, हात वर करायला लावायचा, बोटं वाकवली की तिथपर्यंत लांबी. पात्याची रुंदी मुठीवरून. परदेशातून कुणी पत्रानं मागणी केली आणि मापं सेंटिमीटरमध्ये पाठवली, तर तो पत्र बाजूला ठेवून वस्तीत त्या अंगाचा माणूस शोधायचा. त्यामुळे मापापुरता आमचा एनोक हा डॉर्टमुंडचा दातांचा डॉक्टर आहे आणि शाळेची स्वयंपाकीण ही ओस्लोतली दोन माणसं आहेत.

म्हणजे हे वल्हं कुणाचं तरी आहे. ज्याचं आहे त्याला ते मिळायला हवं. काचेच्या कपाटाला मूठ नसते.

मी वहिनीला म्हटलं, "दुकानात चिठ्ठी लावतो. ज्याचं असेल तो येऊन नेईल."

"चिठ्ठी कोण वाचतं, भावोजी? वल्हं घेऊन जा, लोकांच्या हातात द्या, बघा."

"त्रेचाळीस घरं आहेत."

"मग? तुम्हाला वीस तारखेपर्यंत दुसरं काय काम आहे?"

तुला ठाऊक आहे का कुणाचं, असंही विचारलं. तिनं ताकास तूर लागू दिली नाही. माशांवर माश्या बसतायत, हाकला, म्हणाली.

५ जून, गुरुवार
धक्क्याच्या टोकापासून सुरुवात करायचं ठरवलं. पहिलं घर एनोकचं. हा माझ्या वर्गातला, अजून सीलच्या शिकारीला जातो, आणि बोलतो फार.

एनोकनं वल्हं हातात घेतलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं, एक डोळा मिटून लांबून पाहिलं.

"तुझं आहे?" मी विचारलं.

"घाई कसली, अपोलुस? बस. हे बघ, रुंद पातं सेतनं सकाळी केलं. अरुंद केलं जेवणानंतर. पोट भरलेल्या माणसाच्या हाताला वजन जास्त. रंधा खोल गेला."

सेत म्हणजे दादा. मी म्हटलं, जेवणानंतर दादा झोपत असे, रंध्याला हात लावत नसे.

"मग झोपेत केलं असेल. कॉफी घे."

कॉफी घेतली. मग त्यानं विषय वाढवला, की मुळात आपली वल्ही एवढी अरुंद का. गोऱ्या लोकांची फावड्यासारखी असतात. एनोकचं म्हणणं, रुंद पात्यानं माणूस लवकर घरी पोचतो. आपले पूर्वज शहाणे होते, त्यांना घरी लवकर पोचायचं नव्हतं.

आतून त्याच्या बायकोचा, रेगिनेचा आवाज आला, "तुझ्याकडे तर साठ घोड्यांचं इंजिन आहे. तू कधी लवकर आलास?"

वल्हं त्याचं आहे की नाही, हे शेवटपर्यंत कळलं नाही. मीच त्याच्या मुठीकडे पाहिलं. त्याचं नाही.

८ जून, रविवार. पेंटेकॉस्ट
प्रार्थनेनंतर वल्हं घेऊन उपदेशक हेन्ड्रिकच्या घरी. चर्चमध्ये ते सोबत न्यावं लागलं, कारण नंतर घरी जाऊन ते आणण्यात उशीर झाला असता. दाराशी कोटांच्या शेजारी उभं करून ठेवलं. स्तोत्राच्या वेळी बरेच जण मागे वळून बघत होते.

हेन्ड्रिक म्हणाला, "विनाशाकडे नेणारा मार्ग रुंद आणि जीवनाकडे नेणारा अरुंद. मिशनरी यायच्या आधीच आपल्या वल्ह्याला हे समजलं होतं."

"पण एक पातं दुसऱ्याहून अरुंद का?"

त्यानं विचार केला. "एक जुना करार, एक नवा. नवा पातळ आहे."

मी म्हटलं, त्या हिशोबानं दुसरं पातं पहिल्याच्या पाव हिश्शाहून फारसं जास्त असायला नको. इथे फक्त बारा मिलिमीटरचा फरक आहे. मग टाईपचा आकार, कागदाची जाडी यावर आम्ही बोललो. त्यानं दोन्ही पुस्तकं आणून टेबलावर ठेवली, मी मोजपट्टी काढली. निघालो तेव्हा चार वाजले होते. बेदाण्याचा केक तीन तुकडे.

११ जून, बुधवार
काल आणि आज मिळून आठ घरं. वीजघरात वर्षभरात मला इतकं बोलावं लागत नसे.

एक गोष्ट मला समजत नाही. कुणीही "हे माझं नाही" असं सरळ म्हणत नाही. दहा वर्षं कयाकच्या चिंचोळ्या होडीत न बसलेले लोकसुद्धा वल्हं घेतात, फिरवतात, ओठ मुडपतात आणि मग म्हणतात, बसा. मग कारणं. पातं रुंद असतं तर बायकांनी त्यावर अम्मासात वाळत घातले असते आणि पुरुष खडकावर बसून राहिले असते. सीलला बाजूनं नुसती काठी दिसावी म्हणून. लाकूड सैबेरियातून वाहत येतं, जाड झाडं रशियन लोकांनी स्वतःला ठेवली. रुंद वल्ह्यानं मेव्हण्याला मारलं तर आवाज होतो पण लागत नाही.

मी प्रत्येकाला खरं काय ते सांगितलं. अरुंद लांब पातं वाऱ्यात सापडत नाही, पाण्यात आवाज करत नाही, दिवसभर चालवलं तरी खांदा दुखत नाही, उलटलेली कयाक सुलटी करताना टोकापर्यंत पकडता येतं. लोक ऐकून घेतात. मग म्हणतात, असेल, पण मेव्हण्याचं काय?

ही कारणं दादाचीच. उन्हाळ्यात परदेशी लोक शेडमध्ये यायचे, त्यांना तो प्रत्येक वेळी निराळं कारण द्यायचा, अगदी गंभीर तोंडानं. मी कोपऱ्यात बसलेला असायचो. तो सांगून झाला की रंधा थांबवायचा आणि माझ्याकडे बघायचा. मग मला राहवायचं नाही. नाही, तसं नाही, म्हणून मी बोलायला लागायचो. एकदा एका फ्रेंच जोडप्याशी पाऊण तास बोललो. मला त्याचा राग यायचा. मोठा भाऊ असून लोकांना चुकीचं सांगायचा आणि निस्तरायचं मी.

वजन दोन किलो वाढलं आहे.

१४ जून, शनिवार
पाऊस. बाहेर पडलो नाही. दुपारपर्यंत तिघांनी खिडकीवर टकटक केली. आजारी आहेस का? वल्ह्याचं काय झालं? आमच्याकडे कधी येणार? हेन्ड्रिकनं आणखी एक विचार सुचला म्हणून निरोप पाठवला.

एनोक आत येऊन बसलाच. म्हणाला, "वल्हं पाण्यात घातल्याशिवाय कुणाचं ते कळायचं नाही. तू बसून बघ ना एकदा."

मी म्हटलं, मी कयाकमध्ये बसत नाही.

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि दुसऱ्याच विषयावर बोलायला लागला.

एक्केचाळीस वर्षांपूर्वीचं आहे. मी बावीस वर्षांचा. दादाबरोबर सीलच्या मागावर होतो. वारा नव्हता, पाणी काचेसारखं, ऊन समोर. आकाश कुठं संपतं आणि पाणी कुठं सुरू होतं, ते दिसेना. कयाकचं नाक वर उचललं जातंय आणि मी मागे मागे बुडतोय असं वाटायला लागलं. हात हलेना. हा रोग जुन्या शिकाऱ्यांना ठाऊक आहे. चांगल्या चांगल्यांना झाला आहे. काही जण पुन्हा समुद्रावर गेलेच नाहीत. दादानं कयाक माझ्या शेजारी आणली, दोन्हींवर वल्हं आडवं ठेवलं आणि मला घेऊन परत आला. दोन तास लागले. वाटेत तो सारखा काहीतरी बडबडत होता. काय ते आठवत नाही. मी त्याला दोनदा "नाही" म्हटल्याचं तेवढं आठवतं.

पुढच्या हिवाळ्यात मी समुद्रापलीकडे एस्बियर्गला यंत्रं शिकायला गेलो. वीजघरात काटे असतात. काटा दाखवतो ते असतं.

१६ जून, सोमवार
बेनिग्ने आजींचं घर. वस्तीत सगळ्यांत म्हाताऱ्या, एक्क्याण्णव वर्षांच्या. वडील, नवरा, दोन भाऊ, सगळे कयाकवाले. ह्यांना नक्की कळेल असं वाटत होतं, पण धक्क्यापासूनच्या ओळीत त्यांचं घर आज आलं.

मला दार उघडायला वेळ लागला, कारण एका हातात वल्हं आणि दुसऱ्यात वहिनीनं दिलेली माशांची पिशवी. पिशवी उजव्या हातातून निसटली. त्या हाताची पहिली दोन बोटं पंख्याच्या पट्ट्यात गेली त्याला वीस वर्षं झाली, तरी मी अजून विसरतो.

"लांबीचं काय घेऊन बसलास, पोरा?" आजी म्हणाल्या. "लांबी वस्तीत दहा जणांची जुळेल. पातं धर."

"मी? आजी, तुम्ही बघा, मला त्यातलं काही..."

"मला चष्मा सापडत नाही. तो सापडेपर्यंत धर. टोकाला धर. तिकडून नाही, अरुंद बाजूनं. कुठल्या हातात धरतोस? वस्तू पडते त्या हातात."

मी धरलं.

आजी चष्मा शोधत होत्या. तो त्यांच्या कपाळावर होता.

रुंद पातं माझ्या उजव्या हातात मावत नाही. अंगठा आणि उरलेली बोटं कडेला पोचत नाहीत. अरुंद पातं मावतं. नुसतं मावत नाही, कडेला जिथं दोन बोटांची थोटकं टेकतात तिथं लाकूड किंचित खोल घेतलेलं आहे. ते मी मोजलं नव्हतं. मोजपट्टीला ते कळलं नसतं.

"सापडला का चष्मा?" मी विचारलं.

"सापडला," आजी म्हणाल्या. "आता बस. सूप आहे."

बसलो. सूप गरम होतं. त्या बोलत होत्या, मी काय उत्तरं दिली ते आठवत नाही.

१७ जून, मंगळवार
आठ अंश. वारा दक्षिणेचा, हलका. वल्हं स्वयंपाकघरात उभं आहे.

१८ जून, बुधवार
वहिनीकडे गेलो.

"तुला माहीत होतं."

"हो."

"आणि आजींना?"

"सगळ्यांनाच माहीत होतं, भावोजी. गेल्या हिवाळ्यापासून. तुमच्या हाताचं माप घ्यायला ते तुम्हाला मुद्दाम पत्ते खेळायला बोलवायचे. पत्ते कसे धरता ते बघत बसायचे आणि हरायचे."

मला वाटायचं, म्हातारपणी दादाचा खेळ बिघडला.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत, कुणाचं आहे. माझं आहे का, असं नाही विचारलंत." तिनं माशांची दोरी माझ्या हातात दिली. "दुसरं टोक खुंटीला बांधा."

बांधलं. तिला मी म्हटलं की दोन आठवडे फुकट गेले, सत्तावीस घरं आणि किती कॉफी. तिनं मान डोलावली. म्हणाली, "फुकटच. हेन्ड्रिक उद्या येतोय म्हणाला, त्याला अजून तो कागदाच्या जाडीचा प्रश्न सुटलेला नाही. बेदाण्याचा केक मी करीन."

मी म्हटलं, "पण मी वल्हवत नाही, हे दादाला माहीत होतं."

तिनं दोरी ताणून बघितली, म्हणाली, सैल आहे, पुन्हा बांधा.

१९ जून, गुरुवार
दिवसभर दादाच्या शेडमध्ये. रंध्याला हात लावला नाही. काचपेपर, मग जवसाचं तेल, कापडानं. त्याच्या बाकावर बसलो तर गुडघे वर येतात, तो माझ्याहून बुटका होता. हेन्ड्रिक येऊन पुस्तकांबद्दल बोलून गेला.

यादीतून अपुरं वल्हं खोडलं नाही. तिची एक प्रत आधीच्या बोटीनं बाईंकडे गेलेली आहे.

२० जून, शुक्रवार
पिपालुक बाई आल्या. तरुण आहेत, नम्र आहेत, हातमोजे घालून वस्तू उचलतात. दादाची सुरी त्यांनी ज्या पद्धतीनं कापडात गुंडाळली ती मला आवडली. रंधे, करवती, दादाची दोन वल्ही, सगळं पेटीत गेलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वाईट वाटलं.

मग यादी बघत म्हणाल्या, "आणि ते अपुरं? आम्हाला खरं तर तेच सगळ्यांत जास्त हवंय. शेवटचं काम."

ते माझ्या मागे भिंतीला टेकलेलं होतं. त्यांनी पाहिलं. वहिनी दारात होती.

"याला तर तेल दिलेलं आहे," बाई म्हणाल्या. "आणि ही पाती? एक अरुंद आहे का? हे मुद्दाम? हे फार महत्त्वाचं आहे, काका, याच्यावर आम्ही एक स्वतंत्र फलक करू. कारण काय असेल?"

त्यांनी वही काढली. मला उत्तर माहीत होतं आणि तेच देता येत नव्हतं. दिलं असतं तर बाईंनी माझा हात बघितला असता, फोटो काढला असता, आणि वल्हं फलकासकट कपाटात गेलं असतं.

मी म्हटलं, "चूक झाली."

"चूक?"

"माप चुकलं त्याचं. शेवटी शेवटी नजर गेली होती. एक पातं जास्त तासलं गेलं. हे बिघडलेलं वल्हं आहे, लोकांना दाखवण्यासारखं नाही. त्याला आवडलं नसतं."

दादाची नजर शेवटपर्यंत माझ्याहून चांगली होती. पलीकडच्या तीरावरचा सील सांगायचा. त्याच्याविषयी असं मी आयुष्यात पहिल्यांदाच बोललो, तेही त्याच्याच शेडमध्ये, त्याच्या बायकोसमोर, गंभीर तोंडानं.

बाईंनी लिहिलेलं खोडलं. "समजू शकते," म्हणाल्या. "मग राहू दे."

बोट गेल्यावर वहिनी शेडच्या पायरीवर बसली आणि तिला हसू आवरेना. तोंडावर हात धरून, खांदे हलत होते. मग डोळे पुसले. बराच वेळ पुसले. मी शेजारी उभा राहिलो.

"नजर गेली होती म्हणे," ती म्हणाली.

"सॉरी, वहिनी."

"आत जा आणि ते वल्हं झाका. अजून बोट खाडीतच आहे."

२१ जून, शनिवार. राष्ट्रीय दिन
सकाळी झेंडा, गाणी, हेन्ड्रिकचं भाषण. मग कयाकवाले पाण्यात उतरतात, उलटून सुलटे होऊन दाखवतात, लोक खडकांवर बसून बघतात. बारा अंश. वारा शून्य. पाणी अगदी त्या दिवशीसारखंच होतं, काचेसारखं.

एनोकनं मुलांना शिकवायची रुंद कयाक काठाला आणून ठेवली होती. मला विचारलं नाही. शेजारी स्वतःची घेऊन उभा राहिला आणि आपल्या इंजिनाबद्दल बोलत होता. मी वल्हं घेऊन आलो होतो. का आणलं होतं, ते सांगता येणार नाही. बसलो. गुडघे अडकले, दोघांनी ढकललं.

काठापासून वीस मीटरवर गेलो आणि उजवीकडे वळायला लागलो. थांबवायला गेलो तर आणखी वळलो. पूर्ण गोल फिरून पुन्हा लोकांच्या समोर आलो. खडकांवरून आवाज आले. कुणी म्हणालं, वीजघरातला माणूस, पंख्यासारखा फिरणारच. रेगिने ओरडली, काही विसरलं असेल, घ्यायला आलाय. दुसरी फेरी झाली. तिसरी. पाण्याकडे, आकाशाकडे बघायला सवड नव्हती, मला वल्ह्याचा पुढचा टोला कसा मारायचा तेवढंच दिसत होतं.

एनोक शेजारी आला. "मला कारण कळलं," म्हणाला. "तुझं डोकं उजव्या बाजूला जड आहे. शिकलेला भाग तिकडे असतो."

"नाही," मी म्हटलं. "डावं पातं रुंद आहे, ते जास्त पाणी ढकलतं, म्हणून नाक उजवीकडे जातं. उजवीकडचा टोला लांब घेतला पाहिजे, किंवा डावीकडचा आखूड. बारा मिलिमीटरचा फरक, म्हणजे बघ, पात्याची लांबी धरली तर..."

"ओहोटीमुळेही असेल."

"ओहोटीचा काही संबंध नाही. ओहोटी असती तर तूही फिरला असतास."

"मी फिरत नाही, कारण मी जेवलो नाही."

मग मला त्याला नीट सांगावं लागलं. क्षेत्रफळ, टोल्याची लांबी, उजव्या हातात जोर कमी त्याचा हिशोब वेगळा. एनोकला भूमिती कधीच कळली नाही, शाळेतही नाही, दर वाक्याला काहीतरी मध्ये घालतो. सांगताना मी उजवीकडे लांब टोले घेत होतो, म्हणजे त्याला दिसावं म्हणून. कधी तरी तो गप्प झाला. मी मान वर केली.

खाडीचं तोंड समोर होतं. खडकांवरची माणसं मागे कुठंतरी होती, गाणी ऐकू येत नव्हती. पुढे सगळं पाणी.

"बरं," एनोक म्हणाला, "आता परत वळायचं कसं?"

तेवढं मला येत होतं.